तिरुपतीचे केस, ब्रुकलिनचे विग आणि रब्बींची लेखी उत्तरं

२००४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आणि इस्रायलमधल्या बने ब्राक शहरात कर्मठ ज्यू कुटुंबांनी घरातले महागडे विग रस्त्यावर आणून जाळले. त्याचं मूळ आपल्या अगदी ओळखीच्या ठिकाणी होतं. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर रोज हजारो भाविक नवस फेडायला डोकं भादरून घेतात, ते केस देवस्थान लिलावात विकतं आणि तिथून ते जगभरच्या विग बनवणाऱ्यांकडे जातात. कर्मठ ज्यू समाजात लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे असतात आणि पुष्कळ जणी त्यासाठी विग घालतात. जेरुसलेमचे ज्येष्ठ रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला की हे केस असलेले विग वापरता येणार नाहीत, कारण परक्या देवाला वाहिलेल्या वस्तूचा उपभोग ज्यू धर्मशास्त्राला मान्य नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला यात नुसता कर्मठपणा दिसेल. पण याच रब्बींनी काही वर्षांपूर्वी याच केसांबद्दल नेमकं उलट उत्तर दिलं होतं. शास्त्र तेच होतं, रब्बीही तेच होते. बदलली होती ती तिरुपतीबद्दल त्यांच्यापर्यंत पोचलेली माहिती.

आधी त्यांना सांगण्यात आलं होतं की मुंडण हाच नवस असतो, केस देवाला अर्पण होत नाहीत, ते मागे उरतात इतकंच. मग २००४ मध्ये लंडनच्या एका धर्मन्यायाधीशांना मुद्दाम तिरुमलाला पाठवण्यात आलं. त्यांनी न्हाव्यांशी आणि भाविकांशी बोलून सांगितलं की लोक हे केस देवाला दिलेलं दान मानतात. त्यावर निर्णय फिरला. दुसऱ्या काही रब्बींना तो तेव्हाही पटला नाही. त्यांचं म्हणणं असं की केस कापतात ती जागा गाभाऱ्यापासून दूर आहे, न्हावी आपली मजुरी करतो आहे, आणि कापलेले केस मूर्तीपुढे कोणी नेऊन ठेवत नाही. मग याला अर्पण कसं म्हणायचं? घरात कुणाचं ना कुणाचं मुंडण झालेल्या मराठी माणसाला विचारलं तर तोही क्षणभर विचारात पडेल. एकाच घरात दोन उत्तरं मिळतील.

रब्बींच्या लेखी उत्तरांची ही परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट: उत्तर प्रश्नात दिलेल्या माहितीवर उभं असतं. त्यामुळे ती माहिती कोण देतं, हे शास्त्रार्थाइतकंच मोलाचं ठरतं. आणि याची झळ आपल्या कोकणातल्या ज्यूंनी चांगलीच सोसली आहे. तिकडे येतोच. आधी मुळापासून.

ही उत्तरं म्हणजे नक्की काय?

ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ म्हणजे तोरा, पाच पुस्तकांचा. त्यातल्या नियमांवरची तोंडी चर्चा इसवी सन २०० च्या सुमारास एकत्र करण्यात आली. तिच्यावर पुढे आणखी काही शतकं जो खल झाला तो तालमूद या अवाढव्य ग्रंथात आहे. तालमूद वाचायला घेतला की लक्षात येतं की त्यात निकाल कमी आणि वाद जास्त. एक गुरू असं म्हणतो, दुसरा तसं, तिसरा मधेच एक गोष्ट सांगतो, आणि पुष्कळदा शेवटी ठाम काहीच नसतं. या सगळ्यातून निघणाऱ्या आचारधर्माला हलाखा म्हणतात. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, काय करायचं नाही, काय खायचं, लग्न आणि घटस्फोट कसा, उसनवारी कशी, शेजाऱ्याच्या भिंतीचं काय, सगळं त्यात येतं.

नंतर लोकांच्या सोयीसाठी नियमसंग्रह तयार झाले. सगळ्यात चाललेला संग्रह योसेफ कारो यांचा 'शुल्हान आरुख'. तो १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. पण संग्रह कितीही मोठा असला तरी आयुष्य त्याच्या बाहेर सांडतंच. शनिवारी विस्तव पेटवू नये हे लिहिलेलं आहे. लिफ्टचं बटण दाबावं की नाही हे कुठून लिहिलेलं असणार? मग माणूस रब्बींना विचारतो. रब्बी हा आपल्या कल्पनेतल्या पुजाऱ्यासारखा नसतो, तो मुख्यतः शास्त्र जाणणारा असतो. ज्यूंमध्ये पोपसारखा एक सर्वोच्च अधिकारी नाही. ज्याच्या विद्वत्तेची ख्याती, त्याच्याकडे लांबलांबून पत्रं येतात. गावच्या रब्बींना उलगडा झाला नाही की तेही मोठ्या रब्बींना लिहितात.

अशा लेखी उत्तराला हिब्रूत तेशुवा म्हणतात. एकेका रब्बींची उत्तरं मागाहून गोळा होऊन त्यांचे खंड निघतात.

पत्रं बगदादला जायची

सुरुवातीच्या काळात सगळ्या वाटा इराककडे जात. सुरा आणि पुम्बेदिता इथे दोन मोठी विद्यापीठं होती, आणि त्यांच्या प्रमुखांना उत्तर आफ्रिकेपासून स्पेनपर्यंतचे ज्यू समाज प्रश्न पाठवत. प्रश्नांसोबत देणगीही जायची आणि त्यावर ही विद्यापीठं चालायची. पत्रं नेणारे बहुधा व्यापारी असत. एका प्रश्नाचं उत्तर यायला महिनेच्या महिने लागत.

पण त्या उत्तरांतून काय काय निघालं! नवव्या शतकात स्पेनच्या ज्यूंनी विचारलं की वर्षभराच्या प्रार्थना कोणत्या क्रमाने म्हणायच्या. विद्यापीठप्रमुख अमराम यांनी उत्तर म्हणून जे पाठवलं ते ज्यूंचं पहिलं सलग प्रार्थनापुस्तक ठरलं. ९८७ मध्ये ट्युनिशियातल्या कैरवानहून प्रश्न आला की तालमूद लिहिला तरी कसा गेला. शेरिरा या विद्वानांनी त्यावर लांबलचक पत्र लिहिलं, आणि आजही इतिहासकारांना त्या पत्रावाचून पुढे जाता येत नाही.

यातली बरीच पत्रं आपल्याला मिळाली ती कैरोमुळे. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, अशी ज्यूंची रीत. कैरोच्या जुन्या भागातल्या बेन एझरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, असे कागद शतकानुशतकं एका खोलीत टाकले जात होते. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातले जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यात धर्मप्रश्नांच्या जोडीला मलबारच्या मिऱ्यांची बिलं आणि मंगळूरला स्थायिक झालेल्या ज्यू व्यापाऱ्यांची पत्रंही आहेत.

एक उत्तर जवळून

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये मैमोनिडीज नावाचे वैद्य आणि रब्बी होते. ज्यू परंपरेतलं हे फार मोठं नाव. त्यांचा धाकटा भाऊ डेव्हिड हिंदुस्थानच्या व्यापाराला निघाला असताना समुद्रात बुडाला आणि त्या दुःखाने ते वर्षभर अंथरुणाला खिळून होते.

त्यांना ओबाद्या नावाच्या माणसाने एक प्रश्न पाठवला. ओबाद्या जन्माने ज्यू नव्हता, त्याने धर्म स्वीकारला होता. रोजच्या प्रार्थनेत 'आमचा देव आणि आमच्या पूर्वजांचा देव' असं म्हणावं लागतं. 'आम्हाला मिसरातून (म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून) बाहेर काढलंस' असंही येतं. माझे पूर्वज तर यातले नव्हते, मग हे शब्द मी उच्चारू का?

प्रश्न लहान आहे, पण त्यामागे माणूस किती अवघडून उभा असेल! मैमोनिडीज यांनी उत्तर दिलं: सगळं जसंच्या तसं म्हण, एक अक्षर बदलू नकोस. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याने लोकांना एका देवाची वाट दाखवली. जो कोणी त्या वाटेवर आला तो त्याचा शिष्य आणि त्याच्या घरातला. म्हणून अब्राहाम तुझाही बाप. मिसरातून सुटकेच्या ओळीपुरती मोकळीक दिली, तिथे हवं तर 'इस्रायलला', म्हणजे ज्यू लोकांना, 'बाहेर काढलंस' असं म्हण. पण नाही बदललं तरी काही बिघडत नाही. आपलं कुळ कमी समजू नकोस, असंही त्यांनी पुढे लिहिलं.

याच ओबाद्याने आणखी एक तक्रार कळवली होती. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत असं तो म्हणाला, तेव्हा त्याच्या गुरूने त्याला मूर्ख ठरवून सगळ्यांदेखत पाणउतारा केला. मैमोनिडीज यांनी शास्त्राच्या मुद्द्यावर ओबाद्याचीच बाजू बरोबर ठरवली आणि त्या गुरूला खडे बोल सुनावले: आईबाप, गाव, राज्य सगळं मागे टाकून आलेल्या माणसाशी असं वागतात का?

हे उत्तर एका माणसाला लिहिलं होतं. आठशे वर्षांनंतरही ज्यू धर्म स्वीकारणाऱ्यांच्या बाबतीत त्याचा दाखला दिला जातो.

उत्तर लिहितात कसं?

आधी प्रश्न पुन्हा मांडतात. खरी नावं बहुधा गाळलेली असतात. वादी आणि प्रतिवादी हे रऊबेन आणि शिमोन होतात, बायका राहेल आणि लेआ. शेकडो वर्षं रऊबेनने शिमोनचे पैसे बुडवले आहेत आणि राहेलचा नवरा परदेशी गेला आहे. मग तालमूदमधला जवळचा उतारा शोधायचा, त्यावर आधीच्या पंडितांनी काय म्हटलंय ते मांडायचं, आपल्या विरुद्ध जाणारा दाखला लपवायचा नाही, त्याला उत्तर द्यायचं, आणि शेवटी निकाल. कधी चार ओळी, कधी चाळीस पानं.

विजेचं उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरात दिवे आले आणि शनिवारचा प्रश्न उभा राहिला. तापून लाल झालेली तार म्हणजे विस्तवच, हे बहुतेकांनी मानलं. पण ज्यात काही तापत नाही, त्या नुसत्या प्रवाहाचं काय? यित्झाक श्मेल्केस यांनी तालमूदमधला एक नियम काढला: सणाच्या दिवशी कापडाला नव्याने सुगंध लावू नये, कारण नव्हतं ते तुम्ही निर्माण करता. वीज सुरू करणं तसंच, असं त्यांचं म्हणणं. 'हाझोन इश' या नावाने ओळखले जाणारे बने ब्राकचे रब्बी म्हणाले की तुटलेलं सर्किट जोडणं म्हणजे बांधकाम, आणि शनिवारी बांधकाम निषिद्ध. जेरुसलेमच्या श्लोमो झल्मन आवरबाख यांनी दोन्ही युक्तिवाद उलटतपासले. दिवसातून दहा वेळा उघडायची आणि लावायची वस्तू जोडली तर ते बांधकाम कसं? मग दार लावणंही बांधकामच म्हणायचं का? त्यांना मूळ शास्त्रात मनाई सापडेना. तरीही, सगळा समाज इतकी वर्षं पाळत आला आहे म्हणून मनाई चालू ठेवावी, असं त्यांनी लिहिलं.

मला हा प्रामाणिकपणा फार भावतो. निकाल हवा तोच लागला म्हणून कारण कच्चं चालेल, असं त्यांनी धरलं नाही. पुढे कारण महत्त्वाचं ठरतं. कारण 'विस्तव' असेल तर न तापणाऱ्या एलईडीचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. कारण 'नवनिर्मिती' असेल तर राहत नाही. इस्रायलमधल्या हॉटेलांत शनिवारी प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणारी लिफ्ट दिसते, ती या वादातूनच आली. आणि एक नियम या सगळ्यांच्या वर आहे: जीव वाचवायचा असेल तर शनिवारची बंधनं मोडायचीच, विचारत बसायचं नाही.

मग हवं ते उत्तर देणारा रब्बी शोधायचा?

ही शंका रास्त आहे. त्यावर तालमूदमध्येच बंधन आहे: एका विद्वानाने नाही म्हटल्यावर तोच प्रश्न दुसऱ्याकडे नेऊन परवानगी मिळवायची नाही. म्हणून धार्मिक घरांमध्ये बहुतेकांचा एक ठरलेला रब्बी असतो, त्यालाच विचारायचं.

दुसरं असं की छापलेलं उत्तर उचलून आपल्याला लावायचं नसतं. डॉक्टरांनी शेजारच्या काकांना लिहून दिलेली गोळी आपल्यालाही चालेल असं धरून घेतलं तर काय होईल? तसंच इथे. उत्तर ज्याच्या नावाचं, त्याची तब्येत, घरची परिस्थिती, गावची रीत यांवर ते बेतलेलं असतं. आजारी आणि गरीब माणसाला दिलेली सवलत धडधाकट आणि सुखवस्तू माणसाला मिळेलच असं नाही. बाकीच्यांनी ते वाचायचं ते त्यातला विचार समजून घेण्यासाठी.

तरीही मतभेद उरतात, आणि ते लपवले जात नाहीत. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचं, जेवण आलं. म्हातारी माणसं एकटी अडकलेली. मोरोक्कोच्या परंपरेतल्या काही रब्बींनी इस्रायलमध्ये परवानगी दिली की सणाच्या आधी झूम सुरू करून ठेवावं आणि आजीआजोबांनी पडद्यावरून सामील व्हावं. तिथल्या दोन्ही प्रमुख रब्बींनी ती फेटाळली. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाने तर मतभेदाला नियमातच जागा दिली आहे. त्यांच्या पंचवीस मतांच्या समितीत एखाद्या उत्तराला सहा मतं पडली तरी ते ग्राह्य धरतात. २००६ मध्ये समलिंगी व्यक्तींच्या प्रश्नावर परस्परविरोधी उत्तरं एकाच वेळी ग्राह्य ठरली.

म्हणजे हा फतवाच ना?

रचनेने जवळचं आहे, हे खरं. फतवा म्हणजेही मुळात जाणकाराने प्रश्नाला दिलेलं शास्त्राधारित मत, आणि बगदाद-कैरोच्या त्या जगात दोन्ही परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. मैमोनिडीज यांची बरीच उत्तरं अरबी भाषेत आहेत, हिब्रू लिपीत लिहिलेली. आपल्याकडे फतवा म्हटलं की धमकी डोळ्यांपुढे येते, तो मात्र बातम्यांनी केलेला गोंधळ.

या उत्तरांमागे जोर कशाचा? बहुतेक ठिकाणी विचारणाऱ्याच्या श्रद्धेचा. लंडनच्या किंवा मुंबईच्या ज्यूने उत्तर मानलं नाही तर त्याला कुणी पकडून नेत नाही. इस्रायलमध्ये मात्र एक मोठा अपवाद आहे. १९५३ च्या कायद्याने तिथल्या ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवलेला आहे. तिथे रब्बींचं मत सरकारी शिक्का होऊन येतं. पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

अडकलेल्या बायका

या उत्तरांमध्ये सगळ्यात कळकळीने लिहिलेली पानं कुठली असतील, तर नवरा बेपत्ता झालेल्या बाईबद्दलची. नवरा मेल्याचं सिद्ध झाल्याशिवाय किंवा त्याने घटस्फोटाचं पत्र दिल्याशिवाय ती दुसरं लग्न करू शकत नाही. एरवी कोर्टात दोन साक्षीदार लागतात, पण इथे जुन्या पंडितांनी मुद्दाम दार सैल ठेवलं. एक साक्षीदार पुरे, बाईची साक्ष चालते, ऐकीव माहिती चालते, परधर्मीय माणूस सहज बोलता बोलता 'तो गेला हो' असं म्हणाला तरी चालतं.

तरीही अडचणी येतात. तालमूदचा नियम असा की चारही किनारे दिसतात अशा पाण्यात माणूस बुडाला आणि वर आला नाही तर तो गेला असं धरायचं. पण अथांग समुद्रात बुडाला तर नाही, कारण न जाणो, दूर कुठे किनाऱ्याला लागला असेल. १९६८ मध्ये इस्रायलची 'दकार' पाणबुडी ६९ जणांसह भूमध्य समुद्रात नाहीशी झाली. समुद्र अथांगच होता. रब्बी श्लोमो गोरेन यांनी पाणबुडीतून सुटण्याची शक्यताच नसते या आधारावर त्या नौसैनिकांच्या पत्नींना मोकळं केलं. पाणबुडीचे अवशेष सापडले १९९९ मध्ये. तोवर थांबायला सांगितलं असतं तर? १९७३ च्या युद्धानंतर रब्बी ओवाद्या योसेफ यांच्यापुढे अशी जवळजवळ हजार प्रकरणं आली. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कच्या रब्बींनी डीएनए आणि शेवटचे फोन यांच्या आधारे बायकांना मोकळं केलं.

पण याच विषयाची दुसरी बाजू सांगितली नाही तर लबाडी होईल. नवरा जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि केवळ छळायला घटस्फोटाचं पत्र देत नाही, तेव्हा हे शास्त्र फारच तोकडं पडतं. इस्रायलने १९९५ मध्ये कायदा करून अशा नवऱ्यांवर निर्बंध घालण्याची, तुरुंगात टाकण्याचीही सोय केली. तरी पत्र शेवटी नवऱ्यानेच द्यायचं असतं. मेलेल्या नवऱ्यापासून बाईला सोडवायला इतकी बुद्धी लावणाऱ्या परंपरेने जिवंत नवऱ्यापुढे इतकं हतबल राहावं, हे मला पटत नाही. आज कित्येक धार्मिक ज्यू स्त्रियाही हेच म्हणताहेत, आणि त्यांतल्या काही जणी स्वतः शास्त्र शिकून म्हणताहेत.

हा सगळा शब्दच्छल नाही का?

याला उत्तर म्हणून लिथुआनियातल्या कोवनोच्या घेट्टोकडे पाहावं. नाझींनी कोंडलेले ज्यू तिथेही प्रश्न विचारत होते, आणि एफ्राइम ओश्री नावाचे तरुण रब्बी सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर ते टिपून डब्यांत घालून पुरून ठेवत. रोज सकाळी 'मला गुलाम केलं नाहीस' म्हणून देवाचे आभार मानायचे असतात. एकाने विचारलं, आम्ही तर गुलामच आहोत, हे खोटं कसं म्हणू? ओश्रींनी सांगितलं, म्हणायचंच. शरीर कैदेत असलं तरी आपण गुलाम झालेलो नाही, हे याच वेळी म्हणायला हवं. युद्ध संपल्यावर त्यांनी ते डबे उकरून काढले आणि पुढे उत्तरांचे खंड छापले. घेट्टोत माणसं कशी जगली, काय खात होती, कशाने तुटत होती, याचा तो अस्सल पुरावा आहे.

एरवीही इतिहासकारांना ही उत्तरं सोन्यासारखी वाटतात, कारण पत्र लिहिणाऱ्याने आपली खरी अडचण सांगितलेली असते. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठाने १९६० च्या दशकापासून हे सगळं कॉम्प्युटरवर आणायला घेतलं. आज त्या संग्रहात एक लाखाहून जास्त उत्तरं शोधता येतात.

कोकणातल्या 'शनिवार तेल्यां'चं काय झालं?

हिंदुस्थानातून गेलेले प्रश्न फार नाहीत, पण बोचरे आहेत. १५२० च्या सुमारास कोचीच्या ज्यूंनी कैरोच्या रब्बी डेव्हिड इब्न झिम्रा यांना लिहिलं: इथे एक गट दुसऱ्याला गुलामांची अवलाद म्हणून कमी लेखतो आणि सोयरीक करत नाही, हे योग्य का? उत्तर आलं की शुद्धीचं विधिवत स्नान झालं की ते पूर्ण ज्यू, लग्नाला हरकत नाही. कोचीच्या वरच्या गटाने हे उत्तर शतकानुशतकं गुंडाळून ठेवलं. शास्त्राने सांगितलं तरी जात हलली नाही. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

बेने इस्रायल हे आपले कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. आडनावं गावांवरून: रोहेकर, पेणकर, किहीमचे केहिमकर, दिवेकर. समुएल एझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं. ज्यू जगापासून शेकडो वर्षं तुटून राहिल्यामुळे तालमूद त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खवले असलेलेच मासे, आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढं त्यांनी जपलं होतं. हिंदुस्थानातल्या ज्यूंना शनिवार आणि सुंतेपलीकडे काही ठाऊक नाही, असं मैमोनिडीज यांच्याही एका पत्रात येतं.

१९४८ नंतर यातले हजारो लोक इस्रायलला गेले. तिथे लग्नाच्या वेळी काही गावांच्या रब्बींनी अडवायला सुरुवात केली. ते ज्यू आहेत की नाहीत, हा वाद तितका नव्हता. हरकत अशी: यांना घटस्फोटाच्या पत्राचे नियम माहीत नव्हते; म्हणजे एखाद्या बाईचा घटस्फोट शास्त्राप्रमाणे झालाच नसेल आणि तिने पुन्हा लग्न केलं असेल; तर त्या संततीला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या. एका शंकेवर सगळा समाज संशयित झाला. उलट बाजूचं उत्तरही तयार होतं. कोकणातल्या त्या समाजात घटस्फोट आणि पुनर्विवाह मुळात दुर्मिळ होते, शेजारच्या हिंदू घरांसारखेच. जे घडतच नव्हतं त्याची शंका कितपत धरायची?

१९६१ मध्ये प्रमुख रब्बींच्या मंडळाने ठरवलं की बेने इस्रायलांशी लग्नाला मनाई नाही. पण १९६२ च्या सुरुवातीला विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या: बेने इस्रायल अर्जदार आला तर त्याची आई, आजी, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. म्हणजे परवानगी दिली आणि दारात पहारेकरी बसवला. जिथे जन्माची नोंदही धड नव्हती अशा रोह्या-पेणच्या पणजीचा कागद एखाद्या मुलीने कुठून आणायचा?

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन झालं, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी या समाजाची बाजू घेतली, आणि महिनाअखेर प्रमुख रब्बींनी सूचनांमधून 'बेने इस्रायल' हे नाव काढलं. ज्या कुणाच्या कुळाबद्दल शंका येईल त्याची चौकशी करावी, इतकंच उरलं.

तिरुपतीला माणूस पाठवून न्हाव्यांना विचारण्यात आलं होतं. बेने इस्रायलांच्या बाबतीत मात्र एकोणिसाव्या शतकापासून प्रश्न विचारले ते बहुतांशी दुसऱ्यांनी. मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी आपल्या रब्बींना लिहून यांच्याविषयी मतं मागवली होती. ज्यांच्याबद्दल विचारलं जात होतं त्यांची मराठी त्या रब्बींना येत नव्हती. चूक शास्त्रार्थाच्या आधी, माहिती गोळा करण्यात झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच परंपरेने दार उघडलंही

कोचीला उत्तर देणाऱ्या त्याच डेव्हिड इब्न झिम्रा यांच्याकडे इजिप्तमध्ये आणखी एक प्रकरण आलं होतं: पकडून आणलेली एक हबशी बाई आणि तिचा मुलगा यांचा दर्जा काय? त्यांनी लिहिलं की ही माणसं ज्यूंच्या बारा मूळ वंशांपैकी 'दान' नावाच्या वंशातली आहेत. १९७३ मध्ये ओवाद्या योसेफ यांनी हेच चारशे वर्षांपूर्वीचं उत्तर पुढे करून इथिओपियाच्या ज्यूंना ज्यू म्हणून मान्यता दिली. दोन वर्षांनी सरकारनेही ती स्वीकारली, आणि १९८४ आणि १९९१ च्या विमानमोहिमांतून हजारो माणसं इस्रायलला पोचली.

त्यांनाही लग्नाच्या दारात थांबवलं गेलं. मान्यता आहे, पण शंका नको म्हणून प्रतीकात्मक शुद्धिस्नान करा, असं रब्बींच्या कार्यालयाने सांगितलं. आम्ही ज्यू असताना धर्मांतराचं स्नान का करायचं, असं विचारत १९८५ मध्ये तेही जेरुसलेमला कार्यालयासमोर महिनाभर ठाण मांडून बसले. शेवटी नेतान्या शहराचे रब्बी डेव्हिड शेलूश यांनी ती अट न घालता त्यांची लग्नं नोंदवली. आधार तोच होता, त्या हबशी बाईबद्दलचं उत्तर.